मैदानाची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या

पत्र

ताई, आम्ही कोल्हापूरच्या उपनगरात राहणारे सहा मित्र. सगळे एकेकाळी पेठेच्या टीममधून खेळलेले. आमच्या कॉलनीजवळ महापालिकेची एक मोकळी जागा होती, तिथे कचरा पडायचा. ती आम्ही साफ केली, मुरूम टाकला, दोन गोलपोस्ट उभे केले आणि रोज संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवायला लागलो. फी एक रुपया नाही. आता साठ-सत्तर पोरं येतात. पण सहातले दोघे नोकरीसाठी पुण्याला गेले, एकाचा गुडघा गेला. बॉल, जाळी, पाणी, स्पर्धेला जायचं गाडीभाडं, सगळं आमच्या खिशातून. पालक पोरांना गेटवर सोडतात आणि निघून जातात. ग्रुपवर मदतीचा मेसेज टाकला की सगळे हात जोडल्याचं चित्र पाठवतात, पैसे चौघेच देतात. शेजारच्या बंगल्यातले आजोबा बॉल आत गेला की परत देत नाहीत. एक पुढारी लाईट लावून देतो म्हणतात, पण कमान त्यांच्या नावाची पाहिजे. आमच्यातला एक म्हणतो, सरळ टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, करू आणि फी लावू. बायको म्हणते, पोरगी दहावीला आहे, आधी घरात बघा. लोक साथ का देत नाहीत? मैदान बंद करून टाकू का?

उत्तर

भाऊ, मैदान बंद करू नका. पण आज ते ज्या पद्धतीने चाललंय ती पद्धत या महिन्यातच बदला. नाहीतर मैदान आपोआप बंद पडेल, आणि तोवर तुमची तब्येतही गेलेली असेल.

लोक साथ देत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, लोकांना साथ म्हणजे नेमकं काय द्यायचं तेच कळलेलं नाही. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असा मेसेज वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं नाव दिसत नाही. दिवसभर शिरोलीच्या कारखान्यात उभा राहून आलेला बाप तो मेसेज वाचतो, त्याला मनापासून चांगलं वाटतं, तो हात जोडतो आणि फोन खाली ठेवतो. त्याने तुम्हाला टाळलेलं नाही. त्याला काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, एवढंच. तुम्ही मात्र ते हात जोडलेलं चित्र बघून मनात कुढत राहिलात, आणि ठरवून टाकलंत की लोक असेच. भाऊ, लोक असे नाहीत. निदान कोल्हापूरचे तरी नाहीत.

तुम्ही ज्या पेठेतून खेळलात तिथलंच आठवा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांची शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेत दुसरा विषय नसतो. यातल्या तालमी मूळच्या कुस्तीच्या. त्याच मंडळांनी गणपती बसवला आणि त्याच मंडळांनी फुटबॉल उचलला. म्हणून तिथे टीम कोणा एका कोचची नसते, पेठेची असते. कोच बदलतो, कॅप्टन बदलतो, पोरं म्हातारी होतात, तरी टीम राहते. कारण जर्सी कोण देणार, पोरांना नाश्ता कोण देणार, जखमी पोराला दवाखान्यात कोण नेणार, हे तिथे कोणी विचारत बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते ठरलेलं आहे.

तुमच्या कॉलनीत तसं काही ठरलेलं नाही. तिथे कोणी गडहिंग्लजहून आलाय, कोणी राधानगरीहून, कोणी चंदगडकडचा. फ्लॅट घेतला, राहायला आले, समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव अजून पाटीवर वाचावं लागतं. पेठेत जे आपोआप होतं ते इथे हाताने घडवावं लागणार. तुम्ही पेठेतून आलात म्हणून तुम्हाला वाटलं की मैदान दिसलं की माणसं येतील. माणसांना आधी एकमेकांशी ओळख हवी आणि प्रत्येकाला स्वतःचं असं एक काम हवं. (पेठेतल्या सगळ्याच गोष्टी मात्र उचलू नका. मॅचनंतर होणारी ईर्षेची हाणामारी तिथेच राहू द्या.)

म्हणून पहिलं काम पैशाचं नाही. एका रविवारी सकाळी पालकांना मैदानावरच बोलवा. हॉल नको, स्टेज नको, सत्कार तर अजिबात नको. गोलपोस्टला एक मोठा पुठ्ठा टांगा आणि त्यावर मैदानाची सगळी कामं लिहून काढा. आज ही कामं तुमच्या डोक्यात आहेत, दुसऱ्या कोणाला ती दिसतच नाहीत. प्रत्येक कामासमोर वार, वेळ आणि नावासाठी रिकामी जागा ठेवा. गाजर गवत उपटायचं, महिन्यातून एकदा. हजेरीची वही, रोज दहा मिनिटं. पाण्याचा जार सांगायचा आणि रिकामा परत द्यायचा. प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे ना ते बघायचं. बॉलची पिशवी एका घरात ठेवायची, हवा तपासायची, सुई मोडली तर नवी आणायची. कोणतंही काम आठवड्याला तासाभराच्या वर जाऊ देऊ नका. जात असेल तर त्याचे दोन तुकडे करा आणि दोघांना द्या.

फक्कीचंच घ्या, म्हणजे मैदानावर रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीचं. रविवारच्या मॅचआधी लाइन मारायला तुम्ही एकटे पहाटे जाता, अशी मला जवळजवळ खात्री आहे. कारण ‘बाकीच्यांना सरळ जमत नाही’. खरं तर दोन खुंट्या, त्यांच्यात ताणलेली सुतळी आणि बुडाला भोकं पाडलेला डबा एवढंच लागतं. निवृत्त झालेला एखादा आजोबा आणि त्याचा दहा वर्षांचा नातू अर्ध्या तासात एक बाजू मारतात. पहिल्यांदा लाइन वाकडी येईल. येऊ द्या, आणि तुम्ही ती पुसून पुन्हा मारू नका. ज्याने स्वतःच्या हाताने फक्की मारली तो माणूस त्या लाइनीवर कोणाला गाडी लावू देत नाही. जागेवर अतिक्रमण व्हायला लागलं तर पहिला आवाज तोच टाकेल.

गेटची किल्लीही तुमच्या खिशात आहे, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला दिसतंय. ती द्या. एक किल्ली समोर राहणाऱ्या घरात, एक दुसऱ्या पालकाकडे. तुम्ही नसताना मैदान उघडलं पाहिजे.

बंगल्यातल्या आजोबांकडे एकटे जा. पोरांचा घोळका घेऊन जाऊ नका, आणि बॉल आत गेलेला असताना तर नकोच. सकाळी जा, बसा, चहा घ्या. कुंड्या किती फुटल्या, दुपारची झोप किती मोडते, ते बोलतील तेवढं ऐकून घ्या. गोलच्या मागे उंच जाळी लावायचं तुम्ही कबूल करा आणि ती खरोखर लावा. दुसऱ्या कुठल्याही खरेदीआधी ती जाळी. शक्य असेल तर लहान पोरांचा गोल त्या भिंतीकडून हलवून दुसऱ्या बाजूला न्या. एवढं केल्यावर त्यांना विचारा, रविवारच्या मॅचचं बक्षीस तुमच्या हस्ते देऊ का? माणूस चिडतो त्यामागे बऱ्याचदा त्याला कोणी विचारलेलं नसतं हेच असतं.

आता कागदपत्रांकडे. इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण अशी मैदानं बंद पडतात ती बहुधा कागदावर.

जागा महापालिकेची आहे. तुम्हाला ती वापरायची लेखी परवानगी आहे का? पत्रात तसं काही नाही, म्हणजे बहुधा नसावी. मग उद्या तिथे दुसरं काही उभं राहिलं तर तुमच्या इतक्या वर्षांच्या घामाला कायद्यात किंमत नाही. आधी नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यात त्या जागेवर काय आरक्षण आहे ते बघा. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी आहे. खेळाच्या मैदानाचं आरक्षण निघालं तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसरं काही निघालं तर ते आजच कळलेलं बरं. मग संध्याकाळच्या वेळेत मुलांच्या सरावासाठी जागा वापरायची लेखी परवानगी मागा. त्या अर्जावर पालकांच्या सह्या घ्या, सत्तर पोरांच्या आयांच्याही.

संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात. आपल्याकडे तिची सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदणी होते, ती १९५० च्या कायद्याखाली, आणि काम सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून चालतं. तोपर्यंत लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्या. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो बदल कळवावा लागतो. हे करायला कोणी कंटाळा करणार असेल तर त्याला पदाधिकारी करू नका, मग तो कितीही चांगला खेळलेला असो. नोंदणी झाली की जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदान योजनेची चौकशी करा.

तुम्ही सहा आहात. कायद्याला सातवा माणूस हवा. तो माणूस एखाद्या खेळाडूची आई असावी, असा माझा आग्रह आहे. सहीपुरती नको, खजिनदार म्हणून. बचत गटाचे हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या बाया तुमच्याच कॉलनीत असतील. तुमच्या पत्रात ‘पोरं’ आहेत, पण पोरगी एकच आहे आणि ती घरात दहावीचा अभ्यास करते आहे. मैदानावर एकही मुलगी येत नाही का? येत नसेल तर निम्म्या कॉलनीला ते मैदान आपलं वाटणारच नाही. मुली हव्या असतील तर आधी जवळच्या घरात किंवा शाळेत त्यांच्यासाठी स्वच्छतागृहाची सोय बोलून ठेवा आणि सरावाच्या वेळी एक बाई मैदानावर असेल असं बघा. शिकवायला तिघेच असताना हे जड वाटेल, पण एक आई आली की तिच्या ओळखीने दुसरी येते.

त्याच बैठकीत आणखी एक नियम ठरवून टाका. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही, प्रवासात दोन मोठी माणसं असणार, बाहेरगावी जाताना पालकांची लेखी संमती असणार. तुमच्या मित्रांवर संशय म्हणून हे नाही. मुलांच्या जागेचा हा नियमच असायला हवा, आणि तो लावलेला दिसला की अनोळखी पालकही निर्धास्त होतो.

पैशाचं सांगते. हिशेबाचा कागद दर महिन्याला गेटवर लावा. किती आले, कोणाकडून आले, कशावर गेले. आज पैसे देणारे चौघे आहेत, कारण बाकीच्यांना खर्च किती ते माहीतच नाही. दर महिन्याला ऐच्छिक वर्गणी ठेवा, पाकिटातून, आणि कोणी किती टाकले ते फक्त खजिनदाराला कळू द्या. ज्याच्या घरी जमत नाही त्याच्या पोराला ते कधीच जाणवता कामा नये. मोठ्या रकमेच्या मागे लगेच लागू नका. कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे त्यांनी नफ्यातून समाजकामासाठी द्यायच्या पैशाची, गोष्ट लोक फार सहज बोलतात. तो २ टक्क्यांचा नियम ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना लागू आहे. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी काहीतरी एक लागतं. शिवाय पैसे घेणारी संस्था त्यासाठी सरकारकडे वेगळी नोंदवलेली असावी लागते. तुम्हाला अजून तिथे पोचायला वेळ आहे.

पण कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींमध्ये पैशापेक्षा उपयोगी गोष्ट आहे, ती म्हणजे लोखंड. शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या आणि फॅब्रिकेशनची शेड्स आहेत, आणि त्यात काम करणारे बाप तुमच्या गेटवर पोरं सोडून जातात. त्यातल्या एखाद्याला सांगा, लहान पोरांसाठी साधारण बारा फूट बाय सहा फुटांचे दोन गोल वेल्ड करून पाहिजेत, आणि मागच्या पाइपवर ठेवायला ओतीव वजनं पाहिजेत. हे वजनाचं मी मुद्दाम सांगते आहे. सुटे गोलपोस्ट अंगावर पडून जगात अनेक ठिकाणी मुलं दगावली आहेत. पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि पोस्ट पुढे कलंडतो. तुमचे आत्ताचे पोस्ट जमिनीत नीट रोवलेले आहेत का, ते हे वाचून झाल्यावर जाऊन हलवून बघा. आठ वर्षांच्या पोराला ७.३२ मीटर रुंदीच्या मोठ्या गोलची गरजही नाही आणि ५ नंबरच्या बॉलचीही नाही. आठच्या आतल्यांना ३ नंबर, बारापर्यंत ४ नंबर. बॉल स्वस्त पडतात आणि पोरांचे पायही सुधारतात.

पुढाऱ्यांचे लाईट नको म्हणू नका, कमान नको म्हणा. आणि ते स्वच्छ सांगा: साहेब, मैदानावर एकच फळा असेल, त्यावर मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरात असतील, पाण्याचा जार देणाऱ्याचंही तुमच्या शेजारीच असेल. एवढ्यावर ते तयार झाले तर आनंद आहे. कमानीला मी इतका विरोध का करते? कारण त्या दिवसापासून ते मैदान ‘त्यांचं’ होतं, आणि दुसऱ्या गटाला मानणाऱ्या घरातली पोरं यायची थांबतात. पाचवी-सहावीतल्या पोराला आपल्या बापाचं मत कोणाला ते ठाऊक नसतं, पण बंदी त्याच्यावर येते. आणि एक व्यवहाराचा प्रश्न आधी विचारा: लाईट लावल्यावर मीटर कोणाच्या नावावर आणि दर महिन्याचं बिल कोण भरणार? याचं उत्तर मिळेपर्यंत खांब रोवून घेऊ नका.

टर्फचं तुमच्या मित्राला मी नाही म्हणेन. टर्फ हा धंदा आहे आणि धंदा म्हणून तो चांगला आहे, त्यांनी तो वेगळा करावा. पण टर्फ आली की तासाचा दर आला. तासाचा दर आला की संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ पैसे देणाऱ्या नोकरदारांची होते, आणि पोरांना दुपारच्या उन्हातला तास मिळतो. ज्या पोरांसाठी तुम्ही कचरा उपसला, तीच पोरं कुंपणाबाहेर उभी राहतील.

शिकवायला माणसं कमी पडतायत, त्यावर उत्तर तुमच्या मैदानावरच आहे. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्त्यांमधल्या मुलांसाठी स्लम सॉकर सुरू केलं. तिथे खेळून मोठी झालेली मुलंच पुढे लहानांची कोच होतात, आणि त्यामुळेच ते काम एका माणसापुरतं राहिलं नाही. तुमच्याकडे सुरुवातीला आलेली पोरं आज अकरावी-बारावीत असतील. त्यांना दोन-दोन मिळून दहा लहानग्यांचा गट द्या. शिट्टी द्या, वही द्या, मोठ्या माणसाची नजर मात्र ठेवा. त्यातला एखादा मनापासून शिकवतोय असं दिसलं तर वय झाल्यावर त्याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचसाठीच्या डी लायसन्स कोर्सला पाठवा आणि त्याची फी संस्थेने भरावी. वर्गणीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

पालकांना मदतीसाठी बोलावताना मात्र एक गोष्ट करू नका. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण ‘तुमचा पोरगाही तिथे जाईल’ असं सांगून वर्गणी मागू नका. सत्तरातल्या सत्तर पोरांनी तिथे पोचायची गरज नाही. रोज दोन तास घाम गाळून, हरायला शिकून, मोबाईलपासून लांब राहून घरी गेलेलं पोर बापाला दिसतंच आहे. तेवढ्यावर मदत मागा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

राहिली घरची गोष्ट, आणि ती मी शेवटी लिहिली तरी तुम्ही आधी करा. वहिनी बरोबर बोलतायत. मुलीची परीक्षा होईपर्यंत आठवड्यात दोनच संध्याकाळी मैदानावर जा. वार ठरवा आणि ते पुठ्ठ्यावर लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल की उरलेले दिवस त्यांचे आहेत. पहिल्या आठवड्यात पाणी येणार नाही, वही भरली जाणार नाही, कोणीतरी गेट उघडायला विसरेल आणि फोन तुम्हालाच येईल. फोन करणाऱ्याला किल्ली कोणाकडे आहे ते सांगा आणि घरीच थांबा. मुलीला अभ्यासातून उठून अर्धा तास पाय मोकळे करावेसे वाटले तर तुमच्या दोन दिवसांपैकी एका दिवशी तिलाही बरोबर न्या.

बैठक झाली की पुठ्ठ्यावर कोणत्या कामासमोर कोणाचं नाव आलं ते मला कळवा. खजिनदार कोण झाल्या ते सगळ्यात आधी लिहा.